आता चेहऱ्यात हाडं दिसतात

आईचे फोटो मी काढले ते सगळे एकाच वर्षातले आहेत. त्या वर्षभर ती आजारी होती आणि ते बरेच महिने तिच्याखेरीज कोणालाच ठाऊक नव्हतं. फोटोंविषयी लिहायला बसलं की मला तिच्या आजाराविषयी लिहावं लागतं. वेगळं काढून लिहिता येत नाही, मी करून पाहिलं.

मुंबईवर बॉम्ब पडणार अशी आवई उठली आणि बोर्डिंगातल्या मुलींना घरोघरी पाठवून दिलं, तेव्हा मी तानशाला आले. वडील धरणावर पाणीखात्यात होते आणि आम्ही तिथल्या चाळवजा क्वार्टरमध्ये राहायचो. लहानपणापासून मी इंग्रजी शाळेत, सुट्टीपुरती घरी. आईशी बोलताना मला शब्द शोधावे लागत आणि ते सापडेपर्यंत ती दुसऱ्या कामाला लागलेली असे. ती धसईची. तिचं बोलणं भराभर आणि अर्धं गिळलेलं. मी पुस्तक घेऊन खिडकीत बसायची आणि ती चुलीपाशी. आमच्यात भांडण नव्हतं, काहीच नव्हतं.

मामाने दिलेला एक पेटीसारखा कॅमेरा माझ्याबरोबर आला होता. वडील रविवारी शहापूरच्या बाजाराला जात, तेव्हा तिथल्या डॉक्टरांना त्यांनी हे सांगितलं असावं. डॉक्टरांना फोटोंचा नाद होता. दवाखान्यात औषधं करायची खोली होती, तिच्या खिडकीला काळं कापड लावून ते फोटो धूत. रविवारी दुपारी त्यांच्या ओटीवर तिघं जमत. एक स्वतः डॉक्टर, दुसरे मुरबाडच्या शाळेतले चित्रकलेचे मास्तर, तिसरे जंगलखात्यातून निवृत्त झालेले रेंजरसाहेब. मास्तर कोळशाच्या गॅसवर चालणाऱ्या सर्व्हिस मोटारीने किन्हवलीमार्गे येत आणि पोचेपर्यंत त्यांच्या टोपीवर काजळीचा थर बसलेला असे. वडिलांनी मला त्या ओटीवर बसवलं आणि ते बाजाराला निघून गेले.

तिथली रीत अशी होती. ओटीच्या दोन खांबांमध्ये दोरी बांधलेली, तिला एकेक फोटो चिमट्याने लावायचा. ज्याचा फोटो असेल त्याने तोंड उघडायचं नाही. बाकीच्यांनी आधी सांगायचं, नजर पहिल्यांदा कुठे गेली. मग काय अडलं. मग पुढच्या खेपेला काय करून बघावं. आणि बोलायचं ते फोटोविषयी, फोटोतल्या माणसाविषयी नाही. ही शेवटची अट डॉक्टरांनी घातली होती. त्याआधी, म्हणे, कोणाचाही फोटो लावला की तासभर गावच्या भानगडीच निघत.

डॉक्टरांकडे काळ्या पुठ्ठ्याचे दोन काटकोन होते. फोटोवर ते वर-खाली सरकवून नको तो भाग झाकायचा आणि उरलेलं बघायचं. मोठा करताना कुठे कापायचं ते यावरून ठरे.

"बाईसाहेब," रेंजरसाहेब पहिल्याच दिवशी म्हणाले, "धरणाचा फोटो काढू नका हां. लढाई चालू आहे. तुमच्या वडिलांची नोकरी जाईल आणि आम्हा तिघांना फौजदार चहाला बोलावील."

"मग काय काढू?"

"झाडं काढा. माणसं काढा. माणसांना अजून बंदी नाही."

घरात माणूस म्हणजे आई होती.

पहिला फोटो मी तिला तुळशीपाशी उभी करून काढला. डोक्यावरून पदर, हनुवटी खाली, डोक्यावर बाराचं ऊन. तो दोरीवर लागला तेव्हा माझे कान तापले. मास्तर खुर्चीतून पुढे वाकले.

"हा फोटो, फोटो काढून घेणाऱ्या बाईचा आहे," ते म्हणाले. "बाईचा नाही."

डॉक्टरांनी काटकोन लावले. वृंदावन गेलं, दार गेलं, पाण्याची बादली गेली. चेहरा तेवढा राहिला. "एवढं जवळ जा," ते म्हणाले. "उभी करू नकोस. काम करू दे. दारात बसव, बाजूचा उजेड मिळेल."

शाळेत चुका लाल शाईने परत यायच्या. इथे तीन मोठी माणसं खुर्चीतून वाकून माझी चूक बघत होती आणि त्यांना ती नीट करायची होती. मला वाईट वाटायला हवं होतं, ते वाटलं नाही. पुढच्या रविवारची मी वाट बघू लागले.

त्यानंतर मी आईजवळ बसू लागले. दुसरं काही कारण नव्हतं, उजेड कुठून येतो ते बघायचं होतं. ती उंबऱ्यापाशी तांदूळ निवडायची आणि मी समोर जमिनीवर, कॅमेरा मांडीत घेऊन. रोल मिळत नव्हते, त्यामुळे उगाच कळ दाबायची सोय नव्हती. नुसतं बघत बसावं लागे.

"अगो, काय बघतेस एवढं? मी काय नवी नवरी हाय?"

"मास्तर म्हणतात, चेहरा सपाट येतो."

"त्यांना सांग, तो माझ्या बापाचा हाय. त्यांनी तक्रार धसईला करावी."

दुसऱ्या फोटोत उजेड साधला. चेहरा अजून सपाटच, असं मत पडलं. शिवाय एक नवी गोष्ट निघाली. आईचा डावा हात पोटाशी, फासळ्यांच्या खाली दाबलेला होता. "हा हात तिथे कशाला?" रेंजरसाहेब म्हणाले. "माझी नजर सारखी तिकडे जाते." मास्तरांनाही तो खटकला. डॉक्टरांनी काटकोन वर सरकवून हात झाकला तसं सगळ्यांना बरं वाटलं. हात मांडीवर ठेवायला सांग, असं ठरलं.

मी सांगितलं. आईने हात मांडीवर ठेवला. मी भिंगातून बघेपर्यंत तो पुन्हा पोटाशी गेला होता.

"आई, हात."

"हां गो, ठेवते."

पुन्हा गेला. शेवटी मी कळ दाबली.

भातं कापून झाल्यावर तिसरा फोटो लावला, तेव्हा मास्तर खुर्चीतून उठले. दोरीपाशी गेले, चष्मा कपाळावर चढवला. "वा," म्हणाले. "आता चेहऱ्यात हाडं दिसतात. गाल बघा, इथे सावली कशी धरलीय. आता हा चेहरा झाला." रेंजरसाहेबांनीही मान डोलावली. हात तेवढा खालून कापा, म्हणाले.

घरी येताना टांग्यात मी वडिलांशी सबंध रस्ता बोलत होते. असं मी आधी कधी केलं नव्हतं. आईने विचारलं, "काय बोलले तुझे पंच?"

"म्हणाले, खूप सुधारणा आहे."

"कुनात? तुझ्यात का माझ्यात?" आणि ती हसली, मग जरा वाकून उभी राहिली, मग पाणी तापवायला गेली.

चौथा फोटो थंडीतला. त्या सकाळी आईने काहीच हातात घेतलं नव्हतं. दाराच्या चौकटीला टेकून बसली होती. मी समोर बसले. तिने पदर सारखा केला नाही, खाली पाहिलं नाही. ती माझ्याकडे बघत राहिली, मी कळ दाबेपर्यंत आणि दाबून झाल्यावरही. मला वाटलं, शिकली एकदाची.

तो दोरीवर लागला. मग मास्तर म्हणाले, "मला काही सुचवायचं नाही." त्या ओटीवर एवढी मोठी गोष्ट कोणी ऐकली नव्हती. रेंजरसाहेब म्हणाले, "हात तेवढा."

डॉक्टरांनी काटकोन घेतले, हात झाकला. मग खालचा पुठ्ठा त्यांनी काढला, वरचा खाली घेतला आणि चेहरा झाकला. नुसता हात बघत राहिले.

"हा केव्हाचा?" त्यांनी विचारलं.

मी गप्प. रीत तशी होती.

"डॉक्टर, नियम तुमचाच," मास्तर म्हणाले.

"नियम राहू द्या हो. बाळ, हा केव्हाचा?"

"गेल्या आठवड्यातला."

प्रत्येक फोटोची एक प्रत डॉक्टर आपल्याकडे ठेवत. ते आत गेले, आईचे आधीचे फोटो शोधून आणले आणि ओटीच्या कठड्यावर ओळीने मांडले. तुळशीपाशी उभी असताना दोन्ही हातांत पदर होता. त्यानंतरच्या प्रत्येक फोटोत हात तिथेच होता, त्याच एका जागी. गाल मात्र प्रत्येक फोटोत निराळे होते. चारही फोटो शेजारी शेजारी कोणी ठेवलेच नव्हते. दोरीवर एका वेळी एकच लागत असे.

"आई नीट जेवते का?"

मी "हो" म्हणायला तोंड उघडलं. पण मला ते माहीत नव्हतं. आमची जेवणं झाली की ती स्वयंपाकघराचं दार लोटून घ्यायची. तिचं ताट मी कधी पाहिलंच नव्हतं. वडिलांनीही नसेल पाहिलं.

डॉक्टर त्याच टांग्यात आमच्याबरोबर तानशाला आले. आई त्यांना बघून चिडली, पण ती माझ्यावर.

"अगो, फोटो दाखवायला नेलेस का मला दाखवायला?"

डॉक्टरांनी तिला निजवलं आणि पोट दाबून पाहिलं. ती छपराकडे बघत होती. कधीपासून, असं त्यांनी विचारलं तेव्हा म्हणाली, "आवण काढायच्या आधीपासून." म्हणजे भाताची लावणी व्हायची होती तेव्हापासून. मग का नाही सांगितलं, असं वडील जवळजवळ ओरडलेच.

"सांगून काय? मुंबईला नेलं असतं. मुंबईतून लोक पुन्हा पळतायत नि मी तिकडं जाऊ?"

तरी नेलं. आगगाडीत आमचा डबा रिकामा होता, समोरून येणाऱ्या गाड्या भरून येत होत्या. इस्पितळात तिचं पोट उघडून पाहिलं आणि तसंच शिवून टाकलं. गाठ पसरली होती. पाच-सहा महिने आधी आणली असती तर, असं तिथले डॉक्टर म्हणाले आणि वाक्य तिथेच सोडून दिलं.

परत आल्यावर ती बाहेरच्या खोलीत खाटेवर असायची. एका दुपारी मुरबाडचे मास्तर आले. वार रविवार नव्हता, शाळा बुडवून आले होते. दारात चपला काढून तिथेच उभे राहिले. त्यांनी आईला फोटोंखेरीज कधी पाहिलं नव्हतं.

"हे मास्तर," मी म्हटलं.

"तुमीच ते? हाडं आवडणारे?" आई म्हणाली. "या, बसा. आता काढा म्हणावं फोटो. आता निस्ती हाडंच हायेत, मध्ये काय येत नाय."

मास्तर बसले. त्यांची मान वर होईना. "बाई," ते म्हणाले, "मी फार चुकलो."

"काय चुकलात?"

"आम्ही सगळे इतकं बघत होतो. आणि..."

"तुमी माझे डाक्तर होतात का? नाय ना?" तिला दम लागला. ती थांबली, मग माझ्याकडे न बघता बोलली. "ही आधी घरात यायची ती पुस्तक घेऊन. मी हाय का नाय, हिला पत्ता नसायचा. मग तुमी सांगितलंत, जवळ बस, बघ. तेव्हापासून बसायला लागली. तेवढ्यासाठी मी रोज दारात बसायची. दुखायचं, तरी बसायची. नायतर हिनं बघितलं असतं का?"

मी चहा करायला आत गेले. चूल पेटवायला मला फार वेळ लागला. बाहेर आले तेव्हा मास्तर धसईच्या बाजारातल्या भाताविषयी बोलत होते आणि आई त्यांच्या चुका काढत होती.

शिमग्यानंतर ती गेली.

दिवसकार्य झाल्यावर वडील म्हणाले, "भिंतीवर लावायला एखादा फोटो दे." मी चारही त्यांच्यापुढे ठेवले. तुळशीपाशी उभी असतानाचा ते घेतील असं मी धरून चालले होते, कारण त्यात ती भरलेली होती, आमच्या आठवणीतली होती. तो त्यांनी उचलला, बघितला आणि खाली ठेवला. सगळ्यांत शेवटचा घेतला.

"बाबा, त्यात ती फार खराब दिसते."

"दिसते," ते म्हणाले. "इथं ती लाजत नाहीये. माझ्यासमोर ती जन्मभर लाजली."

डॉक्टरांनी तो मोठा करून आणून दिला. आम्ही तो बाहेरच्या खोलीत लावला. मी जिथे वाचायला बसते त्याच्या बरोबर समोरची ती भिंत आहे. काही दिवस मी तशीच बसून पाहिलं. मग खुर्ची उचलून स्वयंपाकघराच्या दारापाशी नेली. तिथून फोटो दिसत नाही, तिची चूल दिसते.