झांजवाली येणार का, याचं भाकीत

नोव्हेंबरच्या शेवटच्या शनिवारी नातीचं कॉलेज हरावं म्हणून मी इकडे सौदीत, अल खफजीत बसून दुआ मागितली. ते जिंकलं. शेवटच्या क्षणी कुणीतरी लाथ मारली, आणि तो पपईसारखा लांबोडका चेंडू दोन खांबांच्या बरोबर मधून गेला.

अमेरिकेत त्याला फुटबॉल म्हणतात, आपण काय बोलणार. हंगामात सहा सामने जिंकले की त्या कॉलेजला बाउल मिळतो, म्हणजे डिसेंबरअखेर परगावच्या मोठ्या मैदानात एक मानाचा सामना, आणि सुट्टीभर त्याचा सराव. पाच विजय झाले होते. सहावा झाला नसता तर हंगाम तिथेच मिटला असता, कॉलेजचा बँड मोकळा झाला असता आणि बँडमध्ये झांजा वाजवणारी माझी नात तीन आठवडे घरी आली असती. इंजिनिअरिंगची एवढी फी भरून पोरीच्या हातात काय, तर झांजा. पण ते असो.

घरी म्हणजे इथे. ती या गावात जन्मली, याच खोलीत वाढली. आता माझ्या मुलाचं कंत्राट संपलं, कंपनीनं फायनल एक्झिट दिलं, म्हणजे देश कायमचा सोडायचा. जानेवारीत घराच्या चाव्या परत करायच्या आणि आम्ही तिघांनी, मुलगा, सून आणि मी, श्रीवर्धनला जायचं. नातीचा इकामा, इथे राहायचा परवाना, बापाच्या इकाम्याला बांधलेला. तो सुटला की हाही सुटला. टुरिस्ट व्हिसावर येता येतं म्हणे हल्ली. येईल आणि काय बघेल? आमच्या खिडकीला दुसऱ्यांचे पडदे.

पडद्यांवरून आठवलं. चोवीस वर्षांची मी नर्स होऊन जेद्दाला उतरले, तेव्हा जो भेटेल त्याला सांगायची, "दोन वर्षं, मग खलास." एवढ्या खात्रीनं, की त्या शहाणीनं खिडक्यांना पडदे घेतले नाहीत. दोन वर्षांसाठी कशाला खर्च? हॉस्पिटलातल्या फाटक्या चादरी टाचण्या लावून टांगल्या. त्या विटल्या, दुसऱ्या टांगल्या. मुलगा चालायला लागला, शाळेत गेला, आणि ही बया चादरीआडून रस्ता बघत सगळ्यांना सांगतेय, बस, आता दोनच वर्षं. अंगावरची सोन्याची माळ झाकायला पदर पुरत नव्हता, पण अक्कल मात्र पुरती झाकलेली. तर अशी मी, भाकीत सांगणारी.

आणि नेमकी मीच बँडमधल्या पोरींना पाहुणी म्हणून सापडले. त्यांचा एक पॉडकास्ट आहे. सामन्याआधी चौघी मिळून दोन्ही संघांची चिरफाड करतात आणि शेवटी एका पाहुण्याला विचारतात, कोण जिंकणार? एकदा पाहुणा आलाच नाही, तर नातीनं मला फोनवर धरलं. मी विचारलं, कुणाचा गुडघा दुखतोय? त्यांनी नावं सांगितली. ज्या बाजूला गुडघे जास्त, ती बाजू हरणार, मी म्हटलं. तुक्का लागला. पुढच्या आठवड्यात परत लागला. तेव्हापासून मी त्यांची कायमची पाहुणी, वाळवंटातली दादी. माझं इंग्रजी वॉर्डातलं, हुकूम सोडायचं. त्यामुळे त्या पोरींना मी फार आत्मविश्वासाची वाटले असणार.

बाउलच्या आधी त्यांचा खास भाग होता. एकीनं हकीकत सांगितली: हंगाम संपता संपता प्रशिक्षकाला मोठ्या कॉलेजनं बोलावलं, तो गेला. चेंडू फेकणारा मुख्य खेळाडू दुसऱ्या कॉलेजात निघाला. सगळ्यात वेगानं पळणारा पोरगा खेळणार नाही; पुढे पैशाच्या संघात जायचंय, या सामन्यात पाय मोडला तर काय घ्या. समोरचा संघ मात्र भरलेला, मुख्य खेळाडू सगळे जागेवर.

"आणि हे चालतं?" मी विचारलं. "मानाचा सामना सोडून जातात?"

"याला ऑप्ट आउट म्हणतात, दादी," नात म्हणाली. "कुणी रागवत नाही. ज्याला पुढे जास्त महत्त्वाचं काही आहे, तो नाही खेळत."

"बँडलाही आहे का हे?"

नातीऐवजी दुसरीच पोरगी म्हणाली की आहे, ज्यांना घरी जायचंय त्यांनी शुक्रवारपर्यंत बँडच्या सरांना सांगायचं.

हे मला नातीनं सांगितलं नव्हतं. मी तर समजून बसले होते की तिचे हात बांधलेत.

"मग ऐका," मी म्हटलं. "वॉर्डात फायनल एक्झिट लागलेली माणसं मी पुष्कळ पाहिलीत. शेवटच्या महिन्यात ती चादरीचा कोपराही धड खोचत नाहीत. प्रशिक्षक गेला, वेगवान पोरगा गेला, उरलेल्यांचं चित्त कुठे असणार? तुमचं कॉलेज हरणार, आणि चांगलंच हरणार."

पोरी ओरडल्या, हसल्या.

"आणि दुसरं भाकीत," मी म्हटलं. "झांजवाली ऑप्ट आउट करणार."

त्या आणखी हसल्या. एक आवाज हसत नव्हता, तो मला ओळखता येतो.

कार्यक्रम संपल्यावर तिचा फोन आला.

"दादी, दॅट वॉज नॉट फेअर. सगळ्यांसमोर?"

"तुम्ही भाकीत विचारलंत, मी सांगितलं."

"माझं बँडमधलं शेवटचं वर्ष आहे."

"घराचंही शेवटचंच आहे, बाय."

"घर तुम्ही लोक बंद करताय. मी नाही."

तिला बाहेर पाठवलं ते आम्ही. इथे बारावीनंतर काही नाही, जा, मोठी हो, असं विमानतळावर सांगणारी मीच होते. तेव्हाही मी छातीठोक म्हटलं होतं, दर सुट्टीला येशील. पहिल्या वर्षी आली. दुसऱ्या वर्षी दहा दिवस आली, त्यातले चार झोपून काढले. तरीही मी तेच म्हणत राहिले. वय वाढलं म्हणून चादरी टांगणारी बाई अंगातून जात नाही.

शुक्रवारी तिनं मला काही कळवलं नाही. आईला मेसेज केला: बँडबरोबर जातेय, सॉरी, माझी खोली आवरून टाका. सुनेनं तो मला वाचून दाखवला आणि लगेच म्हणाली, "अम्मा, तुम्ही तिला पॉडकास्टवर काय बोललात?"

"जे तू बोलली नाहीस ते."

"मी तिच्यावर जबरदस्ती करणार नव्हते."

"मीही केली नाही. मी फक्त भाकीत केलं."

"तुमची भाकितं मला माहीत आहेत," सून म्हणाली, आणि बोहारणीसारखी कपड्यांच्या ढिगात जाऊन बसली. खोलीचा पलंग त्याच आठवड्यात वरच्या मजल्यावरच्या मलयाळी कुटुंबानं उचलला. मुलगा त्यांच्याबरोबर जिन्यात पलंगाचं एक टोक धरून उभा होता, "यल्ला, यल्ला" करत, फार कामात असल्यासारखा.

सामना आमच्या संध्याकाळी होता. गादीच्या एका कंपनीनं बक्षीस लावलेला तो मानाचा सामना, आणि अर्ध्या खुर्च्या रिकाम्या. लॅपटॉप खोक्यावर ठेवून आम्ही तिघं जमिनीवर बसलो. खुर्च्या आमच्याही गेल्या होत्या. नातीचं कॉलेज पहिल्या तासातच झोपलं. नवखा पोरगा चेंडू फेकायचा आणि तो समोरचेच झेलायचे. माझं भाकीत इतकं खरं ठरत होतं की मुलानं एकदा माझ्याकडे पाहून म्हटलं, "खूश?"

आम्ही कुणी चेंडू बघतच नव्हतो. मधल्या सुट्टीत बँड येईल म्हणून थांबलो होतो, तर मधल्या सुट्टीत जाहिराती आणि तीन कोटवाले गप्पा मारत बसले. मग खेळ परत सुरू झाल्यावर कॅमेरा एकदाच बँडवरून फिरला. उंच टोप्या, हनुवटीपर्यंत पट्टे, सगळ्या पोरी एकसारख्या.

"ती बघा," सून म्हणाली. "तिसऱ्या रांगेत. हसतेय बघा."

तिनं ते दृश्य मागे नेलं, थांबवलं, त्याचा फोटो घेतला. श्रीवर्धनला, कुवेतला, सगळ्या नात्यात पाठवला. मुलगा म्हणाला, हो, तीच, उभी राहण्याची ढब तिचीच आहे. मला ती पोरगी कुणीही वाटत होती, पण माझा चष्मा जुना.

दुसऱ्या दिवशी नातीचा फोन आला तेव्हा सून बाजारात होती.

"दादी, यू वॉन. बेचाळीस-तीन."

"अर्धीच जिंकले," मी म्हटलं.

ती म्हणाली, "अम्मीनं तो फोटो पाठवलाय."

"छान आलीस त्यात."

"ती मी नाही, दादी. झांजवाले दुसऱ्या बाजूला होते. आमच्यावर कॅमेरा आलाच नाही."

मी तिला म्हटलं, आईला हे बोलू नकोस. "ओके," म्हणाली, आणि बँडची बस निघतेय म्हणून फोन ठेवला.

जानेवारीत आम्ही चाव्या दिल्या. विमानतळाच्या रस्त्यावर सून शेजारी बसून फोन उघडायची आणि मिटायची. पडद्यावर ती परक्याची पोरगी, उंच टोपीत, हसत होती. मी खिडकीबाहेर बघत राहिले.