खेळवणाऱ्याचा फासा

दोन मजल्यांच्या मध्ये लिफ्ट अडकली आहे, आत एक माणूस ओरडतोय आणि तुम्ही बाहेर दाराशी उभे आहात. काय सांगाल त्याला? माहीत आहे मला. "घाबरू नका" म्हणाल. सगळे तेच म्हणतात, आणि आतला माणूस आणखी जोरात दार बडवायला लागतो.

आमचा मास्तर लिफ्ट दुरुस्त करायचा. शाळेशी त्याचा संबंध माझ्याइतकाच, म्हणजे नावापुरता. मास्तर हे नाव आम्ही ठेवलेलं, कारण रविवारी दुपारी आमच्या कामगार संघटनेच्या ऑफिसात तो आम्हाला गेम खेळवायचा. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. एक जण गोष्ट सांगतो, बाकीचे त्या गोष्टीतलं एकेक पात्र होतात. "समोर पडकी खाण आहे, आतून कुणाचा तरी श्वास ऐकू येतोय. काय करता?" आपण काय करणार ते सांगायचं आणि फासा टाकायचा. जमलं की फसलं, ते फासा ठरवतो. पोरखेळ म्हणून नाक मुरडणारे पुष्कळ भेटले. त्यातले निम्मे दिवसभर मोबाइलवर रंगीत गोळ्या फोडत बसतात, त्यांनी मला शिकवू नये.

टेबलाशी आम्ही तिघं. मी, कपड्यांच्या कारखान्यात काजं करणारी काजेवाली, आणि मास्तरचा मोठा भाऊ. तो बस चालवायचा, त्याला सगळेच दादा म्हणत. जुन्या मोर्चांच्या फलकांच्या पाठीवर मास्तर नकाशे काढायचा.

विकत आणलेल्या पुस्तकात भीतीचा नियम होता. भयंकर काही दिसलं की फासा टाका, आकडा कमी पडला की तुमचं पात्र पळत सुटतं. मास्तरने पहिल्याच रविवारी तो मोडीत काढला.

"भीती वाटली हे फासा सांगेल," तो म्हणाला. "पळायचं की थांबायचं, हे मी फाशाच्या बापाला विचारणार नाही. तुम्हाला विचारणार."

त्याचा नियम असा. भीती वाटली की शेजारच्याने विचारायचं, "कशाची?" ज्याला वाटली त्याने खरं आणि नेमकं उत्तर द्यायचं. दिलं, की पुढच्या डावाला एक फासा जास्त. शेजारी जर "घाबरू नको" म्हणाला, तर त्याचाच फासा जप्त.

"मी कुणाला घाबरत नाही," मी म्हणाले. माझं पात्र तलवारवालीचं होतं. "लाठ्या खाल्ल्यात मी."

"मग फासा नाही, ताई."

मी फासा भिरकावला तो कपाटाखाली गेला. काजेवाली गुडघ्यावर बसून शोधत होती आणि खालूनच म्हणाली, "लाठ्यांची नाही ना? मग कशाची?" मी म्हणाले, घोषणा देत पुढे गेले, मागे वळून पाहिलं आणि मागे कुणीच नसलं, तर त्याची. मास्तरने आणखी एक फासा माझ्याकडे सरकवला आणि खाणीतला राक्षस पुढे आणला.

हे सगळं तो कामावर शिकला होता. अडकलेल्या माणसाला तो दाराबाहेरून तेच विचारायचा. दोर तुटेल म्हणाला, तर सांगायचा की दोर एक नाही, अनेक आहेत, आणि सगळे तुटले तरी ब्रेक लिफ्टच्या बाजूच्या रुळाला घट्ट धरतो. हवा संपेल म्हणाला, तर फटी कुठे आहेत ते हाताने चाचपायला लावायचा. आणि किल्ली फिरवता फिरवता बोलत राहायचा. मी दाराच्या डाव्या अंगाला आहे, वॉचमन वर गेलाय, तुमची मुलगी जिन्यात बसलीय, तिने पाणी मागितलंय. बाहेर पडलेली माणसं आधी त्याचा चेहरा शोधायची, आवाजावरून ओळखायची.

मग त्याचा आवाज बसला. काढे झाले, गुळण्या झाल्या, शेवटी तपासण्या. डॉक्टरीणबाई तरुण होती, आडपडदा न ठेवता बोलली. घशात कॅन्सरची गाठ आहे, स्वरयंत्र काढावं लागेल. लवकर काढलं तर जीव वाचेल, आवाज मात्र जाईल.

घरात एकच घोष सुरू झाला. मास्तरची बायको, आमची वहिनी, म्हणायची, "घाबरू नका हो, मी आहे ना." दादा म्हणायचा, "अरे, वाघ तू. वाघ कुठे घाबरतो का?" मास्तर सगळ्यांना "हो, बघू" म्हणायचा आणि हत्यारांची पिशवी उचलून कामाला जायचा. ऑपरेशनची तारीख आधी एका इमारतीच्या तपासणीसाठी पुढे गेली, मग भाचीच्या लग्नासाठी, मग कशासाठी ते सांगायचंही त्याने सोडलं. आणि आम्ही? त्याचा नियम आम्हाला तोंडपाठ होता, पण टेबलाशी त्याला कुणीच काही विचारलं नाही. खेळात खेळवणाऱ्याला भीतीचा फासा नसतो ना! राक्षस ज्याच्या हातात, त्याला राक्षसाची कसली भीती, असं आम्ही धरूनच चाललो होतो.

शेवटी एका रविवारी खाणीच्या तळाचं वर्णन करता करता तो थांबला. पाणी प्यायला, पुन्हा सुरू केलं, नुसती हवा आली.

"घाबरू नको रे," दादा म्हणाला. "करून टाक ते ऑपरेशन."

काजेवालीने टेबलावर थाप मारली. "दादा, फासा खाली ठेवा. नियम मोडलात." आणि तोच फासा उचलून तिने मास्तरपुढे ठेवला. "टाका."

"मला कुठे असतो गं फासा?"

"आज आहे. टाका म्हणते ना."

त्याने टाकला. आकडा कुणी पाहिलाच नाही.

"कशाची?" तिने विचारलं.

"मरणाची, दुसरं काय," दादा मध्येच बोलला.

"तुम्हाला विचारलं का? गप्प बसा जरा."

मास्तरने नकाशाची घडी घातली. मग घोगऱ्या आवाजात, एकेक शब्द ओढत म्हणाला, "मरणाचं काय, रोज लिफ्टच्या खड्ड्यात उतरतो मी. पण आत माणूस आहे. दिवे गेलेत. मी बाहेर किल्ली लावतोय आणि मला बोलता येत नाही. त्याला वाटणार, सगळे निघून गेले."

दादाने तोंड फिरवलं.

"ठोकायचं हातोडीने," काजेवाली म्हणाली.

"ठोकलं की आणखी घाबरतात."

"मग मला न्या. तुम्ही किल्ली फिरवा, बडबड मी करते. नाहीतरी सुपरवायझर म्हणतो, हिचं तोंड मशीनपेक्षा जोरात चालतं."

मास्तर हसला. हसता हसता डोळे पुसले आणि म्हणाला, "उद्या जातो."

तो दवाखान्यात गेला. डॉक्टरीणबाईंनी तपासलं, पुन्हा तपासलं. गाठ पसरली होती, आता कापून उपयोग नव्हता. आधी का आला नाहीत, असं बाई बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर मला भांडता तरी आलं असतं. मी आयुष्यभर कुणाकुणाच्या टेबलावर हात आपटलेत. त्या दिवशी आपटायला टेबल नव्हतं.

आवाज गेलाच, आणि तोही गेला. शेवटच्या दुपारी त्याचे डोळे मिटलेले होते. काजेवाली उशाशी बसून बोलत होती. "वहिनी तुमच्या उजव्या हाताला आहे. दादा खिडकीशी, रडतोय, पण म्हणेल रडत नाही. ताई दारात उभी आहे, नर्सशी भांडून झालंय तिचं. कुणी गेलेलं नाही." श्वास थांबल्यावरही ती बराच वेळ बोलत होती. तिला थांबवायची हिंमत माझ्यात नव्हती.

मी विनंती सहसा करत नाही, मागणी करते. ही मात्र विनंती आहे. तुमच्या घरात, कामावर, संघटनेत सगळ्यांना धीर देणारं कुणीतरी असेल. आज त्या माणसाकडे जा. त्याला वाघ म्हणू नका, कौतुक तर मुळीच करू नका. त्याला कशाची भीती वाटते, ते विचारा. तो हसेल, विषय बदलेल, चहा घेणार का म्हणेल. चहा घ्या, पण उत्तर ऐकल्याशिवाय उठू नका.