कोंडवाडा नसलेलं गाव

आंतरराष्ट्रीय कायद्याच्या पहिल्याच तासाला गडदे सर फळ्यावर दोन गावं काढायचे. एका गावात एक चौकोन, तो कोंडवाडा. दुसऱ्यात काहीच नाही. मग हातावरची खडूची पूड शर्टालाच पुसत विचारायचे, "परक्याच्या शेतात शिरलेलं जनावर पहिल्या गावात कोंडतेत, दंड घेतेत. दुसऱ्यात कुणी इचारत न्हाई. तुमी मेंढरं कुठं घालताल?" सगळा वर्ग दुसऱ्या गावाकडे बोट दाखवायचा. "झालं. रासायनिक आणि जैविक अस्त्रांचा अर्धा कायदा तुमाला आला. उरलेला परीक्षेपुरता हाय."

परभणीच्या आमच्या लॉ कॉलेजात मी त्यांच्या हाताखाली शिकवायचे. सर मेंढपाळाच्या घरातले. त्यांचा धाकटा भाऊ सखाराम देवगाव फाट्याजवळ अजून मेंढरं राखतो. विषारी वायूची आणि रोगजंतूंची शस्त्रं नकोत, असे करार देशोदेशींनी केलेत खरे, पण गुन्हेगाराला धरायचं ते शेवटी ज्याच्या त्याच्या देशातल्या कायद्यानं. एका देशात जन्मठेप आणि शेजारी नुसती नोटीस असली की काय होतं, हे सरांना पुस्तकाआधी रानात कळलं होतं. कुठल्याही देशाचा नवा कायदा दाखवा, ते म्हणायचे, "छान हाय. आता कोंडवाडा कुठं न्हाई ते सांगा."

एकदा दिल्लीच्या एका समितीला पाच देशांचे असे कायदे ताडून एकसारखा मसुदा हवा होता. सरांनी ते काम माझ्या गळ्यात घातलं. चार महिने मी डोळे फोडले आणि 'पाचही कायदे जवळपास सारखेच' असं ऐटीत लिहून टाकलं. अहवाल पसंत पडला तर समितीसमोर मला बोलायला मिळणार होतं. तोवर परभणीबाहेर मला कुत्रं विचारत नव्हतं. ही संधी मला फार हवी होती. पाठवायच्या शेवटच्या दिवशी सरांनी तो वाचला, पिशवीत घातला आणि म्हणाले, "चला, सख्याला दाखवू." म्हटलं, झालं कल्याण.

फाट्याजवळच्या रानात बाभळीखाली बसून सरांनी भावाला सगळा अहवाल सांगितला. ही अस्त्रं बनवणं गुन्हा, साठवणं गुन्हा, विकणं गुन्हा. सखारामकाका तंबाखू मळत ऐकत होते आणि मी घड्याळ बघत होते.

"म्याडम, एक इचारू का?" काका म्हणाले. "माल तुमच्या गावात बनवला न्हाई, ठिवला न्हाई, इकला बी न्हाई. निस्ता गावावरून पुढं जायलाय. मंग कोण धरतंय?"

"असं कोण करेल, काका?"

"आमी करतो की. कळप उभा केला तर लोक भांडायला येतेत. चालता असला की जाऊ देतेत. पण चालता चालता मेंढरू खातंच की."

मी कागद उलटेपालटे केले. पाचांपैकी दोन देशांच्या कायद्यात वाटेवरच्या मालाबद्दल अवाक्षर नव्हतं. मला रडूच कोसळलं. "आज असाच पाठवला तर कुणाच्या लक्षातही येणार नाही, सर."

सर हसले. "ज्याला तिथून जायचंय त्याच्या बरोबर लक्षात येतंय, मॅडम."

त्याच संध्याकाळी मी समितीला खरं कारण कळवून आठ दिवस मागितले. कुरकुरत का होईना, दिले. दिल्लीत मला पहिलाच प्रश्न वाटेवरच्या मालाचा आला आणि मी कागदाकडे न बघता उत्तर दिलं. हा मुद्दा कुणी काढला, असं अध्यक्षांनी विचारलं. मी म्हटलं, "सखाराम गडदे, देवगाव फाटा." त्यांनी आदरानं लिहून घेतलं. त्यांना काका कुणी मोठे विद्वान वाटले असावेत, आणि मीही तो गैरसमज दूर केला नाही.

पुढं त्या दोनांपैकी एका देशानं कायदा सुधारला, तेव्हा सरांनी कॉलेजभर पेढे वाटले. दुसऱ्याची बातमी यायच्या आत सर गेले. त्यांच्या टेबलाकडे अजूनही मला नीट बघवत नाही.

ती बातमी गेल्या महिन्यात आली. पेढे घेऊन मी एसटीनं फाट्यावर गेले आणि काकांना सांगितलं, की दुसऱ्या देशानंही तुमचं कलम घातलं. काकांनी पेढा बराच वेळ तळहातावर तसाच धरून ठेवला.

"सर असते तर किती खूश झाले असते," मी म्हणाले.

"दादा?" काकांनी धोतराच्या सोग्यानं डोळे पुसले. "दादा म्हणला असता, छान हाय. आता कोंडवाडा कुठं न्हाई ते सांगा."

मी पिशवीतून सहाव्या देशाचा कायदा काढला आणि बाभळीखाली बसले.