तिघांची रांग जमेना

आमचे हे फोटोग्राफर. केवढाही मोठा गट असो, कोण कोणाशेजारी उभं राहणार नाही हे यांना दारातच कळतं. मग डावीकडून एकेक माणूस उभा करायचा. शेजार पटला तर पुढचा. अडलं की सगळी रांग मोडायची नाही, फक्त शेवटच्याला मागे घेऊन दुसरा लावून बघायचा. कोणीच चालेना, तर त्याच्या आधीच्यालाही मागे घ्यायचं. अशा किती रांगा जमतील तेही मोजून सांगतात. लोकांचं सगळं जमवतात, घरात मात्र दिव्याखाली अंधार!

सासूबाईंना चारही मुलांचा एक फोटो हवा होता. "डोळ्यांनी दिसतंय तोवर काढ रे बाबा," म्हणायच्या. पण थोरल्या दादांचं अक्कांशी वाकडं, अक्कांचं ताईंशी, आणि ताईंचं आमच्या ह्यांच्याशी. कारण काय, तर यांच्या एका फोटोला ताई नुसतं "बरा आलाय" म्हणाल्या! झालं, अबोला. ताईंच्याच कडेवर वाढलेला हा माणूस. मी ताईंशी फोनवर बोलत असले की यांचा घास हातातच राहतो. पण बोलतील तर शपथ.

शेवटी आईसाठी सगळे स्टुडिओत आले. सासूबाई पुढे खुर्चीत बसल्या. हे कॅमेऱ्यामागून तिघांना लावू लागले. अक्का मधे असोत की कडेला, दादा नाहीतर ताई शेजारी येणारच. सहाच्या सहा रांगा बाद.

"नाही जमत, आई," हे म्हणाले. सासूबाईंचा चेहरा एवढासा झाला.

मला राहवेना. "अहो, चार मुलांचा फोटो ना? तुम्ही काय दत्तक गेलात?"

फोटोग्राफरला स्वतःला धरायची सवयच नसते. हे ओशाळले आणि चौघांना धरून पुन्हा पहिल्यापासून मांडू लागले. लावलं, काढलं, परत लावलं. "दोनच रांगा जमतात," म्हणाले, "त्यासुद्धा एकीची उलटी दुसरी." अक्का, हे, दादा आणि पलीकडच्या टोकाला ताई. बटण मी दाबलं. ताई कोणाशी न बोलता निघून गेल्या.

फोटो आल्यावर सासूबाई एकेका चेहऱ्यावर बोट ठेवत हसत होत्या. हे नुसते बघत राहिले.

"ताईची फार आठवण येते गं," म्हणाले. "मधे एकटा दादाच तर होता. त्याच्या पाठीमागून हात घातला असता, तर पोचला असता."