करवतीसारखा आवाज

हसणार नाही असं आधी कबूल करा, मग सांगतो. जाऊ दे, तुम्ही हसणारच. सगळं गाव हसलंय, तुम्ही काय वेगळे? पण एवढं ध्यानात ठेवा, त्या सकाळी मी जेवढा घाबरलो तेवढा जन्मात कधी घाबरलो नव्हतो.

तर माझी जळाऊ लाकडाची वखार आहे. कराडकडून इस्लामपूरकडं येताना, जिथं सातारा जिल्हा संपतो आणि सांगली लागते, अगदी तिथं रस्त्याकडेला. पत्र्याचं शेड, वजनकाटा, कुऱ्हाडी, पेट्रोलवर चालणारं कापायचं मशीन आणि एक टेम्पो. टेम्पो उतारावर आपोआप सुरू होतो, सपाटीवर धक्का मारावा लागतो. आणि वखार सपाटीवर आहे. हे लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

वखार सुरू केली आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी. एका करवतीवर! ती करवत त्यांनी इतकी जपली की माझी आई तिला सवत म्हणायची. मी मशीन आणलं, करवत शेडातल्या खिळ्याला गेली, आणि तेव्हापासून आबा त्या मशीनकडं सुनेच्या माहेरच्या माणसाकडं बघावं तसं बघतात.

आता मुख्य भानगड. ऊसतोड सुरू झाली आणि उसातला बिबट्या बाहेर पडला. कुणाची शेळी गेली, कुणाचं कुत्रं गेलं. पोरांना शाळेत सोडायला माणसं काठ्या घेऊन जायला लागली. मग एक दिवस फॉरेस्टचे गार्ड साहेब आले, सगळ्यांना देवळापुढं बसवलं आणि म्हणाले, "हे बघा, बिबट्या वाघासारखी डरकाळी फोडत नाही. करवतीनं लाकूड कापल्यासारखा आवाज येतो. खर्र, खर्र. असा आवाज आला की उसाकडं जायचं नाही. लांब थांबायचं आणि मला फोन करायचा."

मी गप्प बसावं की नाही? छे! उठलो की राव. "सायेब, करवतीचा आवाज आमाला शिकवताय व्हय? आमी त्या आवाजावरच वाढलोय. झोपंत वळखीन!"

सरपंच म्हणाले, "मग झालं की! आवाज आला की संपतला इचारायचं."

झालं! गावात बिबट्याच्या आवाजाचा जाणकार कोण, तर मी. माणसं मला थांबवून विचारायची आणि मीही घसा ताणून खर्र खर्र करून दाखवायचो.

पुढं एका संध्याकाळी मशीनची चेन तुटली. दुसऱ्या दिवशी लग्नाच्या आचाऱ्याला लाकूड पोचवायचं होतं. जेवताना आबा हळूच म्हणाले, "करवत काढू का रं?"

"आबा, त्या करवतीनं कापत बसलो तर नवरा-नवरीला पोरं व्हतील तवर!" एवढ्यावर थांबावं की नाही? पण जिभेला हाड नसतं. मी म्हणालो, "भंगारवाला आला की देऊनच टाकतो ती."

आबा अर्ध्या ताटावरून उठले.

सकाळी बघतो तर आबा घरात नाहीत. माझी बायको सुमन म्हणाली, "मगाशीच वखारीकडं गेले. च्यापन न्हाई घेतला." म्हटलं, जाऊन समजूत घालू. घर उतारावर, टेम्पो लगेच सुरू झाला.

बाहेर धुकं असं की स्वतःच्या टेम्पोचं नाक दिसत नव्हतं. वखारीत शिरलो, टेम्पो बंद केला, हाक मारली, "आबा!" उत्तर नाही. खाली उतरलो तर चिखलात आबांची एक चप्पल. एकच! अंगठा तुटलेली. दोन पावलं पुढं गेलो तर आबांची पांढरी टोपी पडलेली, आणि तिच्यावर लालभडक डाग. आणि टोपीपासून लाकडाच्या ढिगामागं, उसाच्या अंगाला, काहीतरी जड ओढत नेल्याची रुंद खूण.

आणि तेवढ्यात ढिगामागून आला आवाज. खर्र... खर्र... खर्र...

मध्येच थांबला. मग घशातली गुरगुर. मग परत, खर्र... खर्र...

मी काय केलं असेल? बापासाठी कुऱ्हाड उचलली? ढिगामागं झेप घेतली? अहो, मी टेम्पोत जाऊन बसलो. दोन्ही दारं लावली, दोन्ही काचा वर केल्या आणि चावी फिरवली. टेम्पो नुसता खोकला. सपाटी! आता खाली उतरून धक्का कोण मारणार, बिबट्या?

वखारीतलं कुत्रं, मोत्या, फाटकाशी पाय ताणून निवांत झोपलेलं. मी म्हटलं, बिचारं भीतीनं बेशुद्ध पडलंय.

गार्ड साहेबांना फोन लावला, मग बाळूला. बाळू म्हणजे माझा मित्र, चहाची टपरी चालवतो आणि गावाचा मोबाईलवरचा ग्रुपही.

"बाळ्या, बिबट्या! वखारीत!"

"सातारच्या बाजूला हाय का सांगलीच्या?"

"आरं त्याला काय जिल्हा इचारत बसू? आबा दिसत न्हाईत रं! टोपी रक्तानं भरलीया!"

फोन ठेवला आणि मोबाईल वाजायलाच लागला. बघतो तर ग्रुपवर आबांचा फोटो, भोवती झेंडूची फुलं, खाली 'भावपूर्ण श्रद्धांजली'. ते बघून मात्र माझा बांध फुटला. ग्रुपवर आलं म्हणजे खरंच झालं की हो! काल रात्री आपण बापाला काय बोललो, हेच डोक्यात घुमायला लागलं. मला उतरायचं होतं, देवाशप्पथ उतरायचं होतं. हात दाराच्या कडीपर्यंत गेला. खर्र! हात परत मांडीवर. तिथंच डोळे मिटून नवस बोललो, "देवा, आबांना सोडव. मशीनला हात लावणार न्हाई, त्यांच्याच करवतीनं कापीन."

हळूहळू धुक्यातून माणसं यायला लागली. काठ्या, कोयते, एकानं तर घरातलं मुसळ आणलेलं. मी काच दोन बोटं खाली करून सांगितलं, "कुनी आवाज करू नका! लांब ऱ्हावा!" सगळे फाटकाबाहेर गार उभे राहिले. मिरजेहून बहिणीचा फोन आला, ती रडत एसटीत बसली होती. आणि शेजारचे एक म्हातारे गावकरी उसासा टाकून दुसऱ्याला म्हणाले, "लाकडाची तर काळजी न्हाई म्हना. घरचीच हाईत."

सुमन रडत टेम्पोपाशी आली. कान देऊन ऐकलं आणि म्हणाली, "आवं, मला तर करवतीगत वाटतंय."

"अगं तेच की! बिबट्या तसाच वरडतो!"

माणसांनी माना डोलावल्या. जाणकार माणूस बोलला होता.

मग गार्ड साहेबांची गाडी आली. सोबत जाळं, लांब काठ्या, दोन माणसं. साहेब वाकून ऐकायला लागले. खर्र... खर्र... मग गुरगुर. साहेबांनी कपाळाला आठ्या घातल्या. परत ऐकलं. टेम्पोच्या काचेपाशी आले.

"संपतराव, ही करवत आहे."

"व्हय सायेब! मी मगापासनं तेच सांगतोय! हुबेहूब करवतीसारखा!"

"करवतीसारखा नव्हे हो. करवतच आहे!"

साहेब सरळ ढिगामागं चालत गेले. मी डोळे गच्च मिटले. म्हटलं, आता हेही गेले. आणि ढिगाच्या पलीकडून आवाज आला, "आवं सायेब, वाईच टोक धरा की त्या बाजूचं! एकट्याला वडत न्हाई."

आबा!

आबा ढिगामागून बाहेर आले. बंडीवर भुसा, अनवाणी, हातात करवत आणि पंजे गेरूनं लाल. आता तुम्हीच सांगा, लाकूड कुठं कापायचं त्याची खूण गेरूनं करतात, हे मला माहीत नाही? रोज मीच करतो! तोच हात टोपीला पुसलेला, आणि ओंडका ओढताना ती पडलेली. ओंडका ओढत ढिगामागं नेला, त्यात चप्पल तुटली, ती तिथंच टाकली. आणि ती गुरगुर? विडीचा खोकला. लहानपणापासून त्याच खोकल्यानं मी झोपेतून उठतोय.

आबांनी एवढी माणसं बघितली. खिशातून कानाचं मशीन काढलं. भुसा जाऊ नये म्हणून खिशात ठेवलं होतं. कानात घातलं आणि विचारलं, "कोन गेलं रं?"

माणसं एकमेकांकडं बघायला लागली. शेवटी बाळू मान खाली घालून म्हणाला, "तुमीच, आबा." आणि मोबाईल पुढं केला.

आबांनी तो लांब धरून फोटो बघितला. "बरा आलाय की." मग टेम्पोकडं आले. मी अजून आतच होतो. त्यांनी काचेवर टकटक केली. मी काच खाली केली.

"मला वाघानं न्हेलं म्हनं?"

"व्हय आबा."

"आन् तू हितं?"

"...व्हय."

"काच वर करून?"

मी मान हलवली. डोळ्यांतलं पाणी थांबत नव्हतं. आबांनी ते बघितलं, भुशाचा हात माझ्या डोक्यावर ठेवला आणि म्हणाले, "बेस केलंस. दोघातला एक तरी वाचला."

आचाऱ्याचं लाकूड त्या दिवशी आम्ही करवतीनंच कापलं, एका टोकाला आबा, दुसऱ्या टोकाला मी. टेम्पोला धक्का मारायला माणसं आयती जमलेलीच होती. नवस होता, तो अजून फेडतोय, मशीन खिळ्याला आहे. गावात आता आवाजाचं मला कुणी काही विचारत नाही. पण आबांचं एक सुरू झालंय. मी टेम्पोत असलो आणि त्यांनी करवत हातात घेतली, की ते आधी ढिगावरून डोकावतात आणि सगळ्या रस्त्याला ऐकू जाईल असं ओरडतात, "संप्या, म्या हाय रं! काच वर करू नगंस!"