बिनवासाची झाडं आणि देवणीकर सर

देवणीकर सरांची आणि माझी पहिली भेट पत्र्याच्या शेडमध्ये झाली आणि त्या भेटीत मी त्यांना हाकलून दिलं. गौरवग्रंथात हे शोभत नाही, असं संपादक मंडळाचं म्हणणं पडलं. मी म्हटलं, मग दुसऱ्या कुणाकडून लिहून घ्या. मी तिसरीपर्यंत शिकलेली बाई, जे झालं तेवढंच मला लिहिता येतं.

भूकंपाला महिना झाला होता. घर पडलं, मालक गेले, म्हैस वाचली. त्यावर याहून जास्त मी लिहिणार नाही. चहूकडून मदत येऊन राहिली होती. माझ्या वाटणीला एक लोकरीचा कोट आणि क्रिकेटचे पॅड आले होते. पॅड मी चुलीपुढं बसायला घेतले. सर तेव्हा लातूरच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायला नुकतेच लागले होते. पोरं घेऊन विहिरी उपसायला आले होते. दुपारी माझ्याकडं वरण-भात जेवले आणि ताटातलं कढीपत्त्याचं पान नाकाशी धरून म्हणाले, "मावशी, हे पान कुठलं?"

आजूबाजूला माणसं रडत होती आणि हे पानाचं गाव विचारून राहिले! मी म्हटलं, "माझ्या पडक्या घराच्या परसातलं. चव कळली असंल तर ताट धुवा आन् निघा."

सरांनी ताट धुतलं आणि ते निघाले. ते थेट माझ्या पडक्या घरापाशी गेले. ढिगाऱ्याखालून त्या झाडाचे फुटवे वर आले होते. त्यातला एक त्यांनी मुळासकट काढला आणि पुन्हा शेडपाशी येऊन मला दाखवला. "मावशी, तुमचं एक लेकरू नेतोय," म्हणाले. त्या दिवसांत लोक दुसऱ्याच्या घराचे दगडसुद्धा न विचारता नेत होते. हा माणूस एका काडीसाठी दोन मैल परत चालत आला. म्हणून मी तोंड बंद ठेवलं. मला ओळखणाऱ्यांना त्याचं मोल कळेल.

पुढं मुलाच्या मागं मी लातूरला आले आणि कॉलेजाच्या पाठीमागच्या गल्लीत खानावळ घातली. लातुरात तेव्हा क्लासेसचं पीक जोमात होतं. किनवट, हिमायतनगर, देगलूर, कुठून कुठून पोरं डॉक्टर व्हायला येत होती, आणि डॉक्टर होईस्तोवर त्यांना जेवायला लागतं. सरांनाही एका क्लासवाल्यांनी बोलावून नेलं. सरांनी पहिल्याच दिवशी पोरांच्या हातात पानं दिली, चुरगाळून हुंगायला लावली आणि विचारलं, यात फरक का? आठवडाभर पोरं हुंगतच राहिली. मग क्लासवाले हात जोडून म्हणाले, "सर, वास पेपरात येत नाही." सरांनीही हात जोडले आणि दुसऱ्या दिवसापासून ते कॉलेजातल्या आपल्या वाफ्यात. ज्यांनी तेव्हा क्लास धरले त्यांचे आज चार-चार मजले उभे आहेत. सरांची सायकल तीच आहे. मी हे कौतुक म्हणून सांगत नाही, त्यांच्या पत्नी सुनंदाताई हे कसं सांगतात ते मी ऐकलेलं आहे.

सरांचं काम काय, हे मोठ्या माणसांनी या पुस्तकात इंग्रजी शब्द घालून लिहिलंच असेल. मला त्यांनी चुलीपाशी बसून सांगितलं ते असं. पानात वास आयता भरलेला नसतो. पानात एक कच्चा गोळा असतो, आणि त्याच्यावर कारागीर बसलेले असतात. एकाच पिठाच्या गोळ्याची एक बाई भाकरी थापते, दुसरी धपाटं लावते, तसं एक कारागीर एक वास करतो, दुसरा दुसरा. कारागीर कसा घडवायचा, ते आईबापाकडून आलेल्या चिठ्ठीत लिहिलेलं असतं. तिला जनुक म्हणतात. चिठ्ठीतलं एक अक्षर जरी फाटलं तरी कारागीर हातावर हात ठेवून बसतो आणि पान कोरं निघतं. फुटवा लावला तर आईचीच चिठ्ठी जशीच्या तशी येते. बी लावलं तर आईची अर्धी, बापाची अर्धी, आणि मग काय निघेल ते नशीब.

मी विचारलं, "सर, माझ्या पोराची चिठ्ठी कुठं फाटली, ते सांगता येईल का?"

सर म्हणाले, "मावशी, मी फक्त झाडांचं बघतो."

तर झाडाची चिठ्ठी कुठं फाटते हे शोधायला सरांनी एक लग्न लावलं. आई माझ्या पडक्या घरच्या परसातला फुटवा, घमघमीत. बाप सुनंदाताईंच्या माहेरचा, नांदेडचा, नावालाच कढीपत्ता, चुरगाळला तर गवत. (ताई आजही म्हणतात, "आमच्या माहेरच्या झाडाला वास नाही, हे यांनी जगभर छापलं.") फुलाला फूल लावून बी धरलं, आणि कॉलेजाच्या मागं वाफ्यांत रोपांच्या रांगा उभ्या राहिल्या. प्रत्येकाच्या गळ्यात पत्र्याचा बिल्ला. सात-आठ वर्षं सरांनी ती पोरं वाढवली.

आता मला माझ्याबद्दल थोडं लिहावं लागेल. आमच्याकडं असं आहे, की मागून आणलेलं रोप मरतं आणि चोरून आणलेलं जगतं. मागून आणलं की देणाऱ्याचा जीव त्यात अडकून राहतो. हे सर्वांना माहीत आहे, प्राध्यापक सोडून. सर तासाला गेले की दुपारी आम्ही बाया वाफ्यात जात होतो. पान चुरगाळायचं, हुंगायचं, चांगलं असेल ते उपटायचं, पदराखाली घालायचं, बिल्ला नालीत. सरांना नुसता खड्डा दिसायचा. त्यांनी निदान केलं, घूस. तीन वर्षं सर घुशीच्या मागं होते. पिंजरे लावले. पिंजऱ्यात लावायचं भजं ते माझ्याच खानावळीतून नेत.

मग एके दिवशी सर परीक्षेच्या कामाला नांदेडला गेलेले असताना कॉलेजानं ती जागा एका क्लासेसला गाड्या लावायला दिली. जेसीबी आलं. पाऊण तासात सगळे वाफे सपाट. सर परत आले, मैदान बघितलं आणि माझ्या खानावळीत येऊन ताटापुढं बसले. जेवेनात. वाढलेलं अन्न निवत चाललेलं मला बघवत नाही.

मी म्हटलं, "सर, ती घूस मी हाय."

सरांनी वर बघितलं. "एकट्या?"

"न्हाई. आख्खी गल्ली."

"जगलीत?"

"चोरीचं कुठं मरतंय व्हय?"

सर तसेच उठले. माझ्या परसापासून सुरुवात केली. शेजारच्या रेहानाबी शिवणकाम करतात, त्यांच्या अंगणात कढीपत्त्याची, त्यांच्या भाषेत करयापाकची, चार झाडं डोक्याएवढी उंच झालेली. त्या म्हणाल्या, "सर, मैं तो एकीच ली थी. बाकी के अपने आप आ गए." सर पहिल्यांदा हसले. प्रत्येक झाडाचं पान हुंगत, वहीत लिहीत ते गल्लीच्या टोकाला गेले, आणि तिथं त्यांचा चेहरा पुन्हा पडला.

"मावशी, ही सगळी वासाचीच आहेत."

"मग काय कोरी चोरावी? आमाला अक्कल न्हाई का?"

तेव्हा सरांनी रस्त्यावरच्या बोर्डाकडं बोट केलं. एका क्लासचा बोर्ड, त्यावर पहिल्या आलेल्या पोरांचे फोटो. म्हणाले, "मावशी, या बोर्डाकडं बघून पोरं नापास का होतात ते सांगता येईल?"

"कसं येईल? त्यात नापास पोरगं एक बी न्हाई."

"तसंच झालंय. वासाच्या चिठ्ठीशेजारी कोरी चिठ्ठी ठेवली तरच कुठलं अक्षर फाटलं ते दिसतं. कोरी सगळी जेसीबीखाली गेली. आठ वर्षं गेली, मावशी."

ते ऐकलं आणि मला गोदाक्का आठवली. आठवून आनंद झाला नाही.

गोदाक्का माझी थोरली नणंद, पलीकडच्या गल्लीत राहते. जन्मभर नाकात तपकीर ओढलेली, गुलाब आणि गटार तिला सारखंच. मी एक रोप नेलं हे कळल्यावर तिनं इरेला पडून रांगच्या रांग नेली होती, न हुंगता, आणि घराला कुंपण केलं होतं. त्या कुंपणाला मी हसले होते. एका लग्नात तिच्या आमटीला मी चारचौघांत गरम पाणी म्हणाले, त्याला तेव्हा चार वर्षं झाली होती आणि चार वर्षं आमचं बोलणं बंद होतं.

सरांना घेऊन गेले. ती दारातूनच म्हणाली, "कोण मेलंय?"

"कुणी न्हाई. सर तुमचं कुंपण बघायला आलेत."

"ह्या कुंपणाला तू हसली हुतीस."

"हसले हुते."

सर म्हणाले, "आक्का, एकेक पान घेऊ का?"

"घ्या की. पर आधी हिला म्हणू द्या, की आक्काचं कुंपण लई कामाचं हाय."

मी म्हणाले.

"ऐकू न्हाई आलं, सोजरे."

मी पुन्हा म्हणाले. सासूपुढं मी कधी एवढी वाकले नव्हते. पण सरांची आठ वर्षं त्या कुंपणात होती आणि कुंपण तिचं होतं.

मग सर कुंपणाच्या कडेनं निघाले. पान चुरगाळायचे, हुंगायचे आणि ओरडायचे, "कोरं! हे पण कोरं! वा, आक्का, अगदीच कोरं!" बिनवासाच्या पानावर इतकं खूश झालेलं माणूस मी पाहिलं नव्हतं. गोदाक्का मागून पदर सावरत फिरत होती, जणू तिच्या लेकरांचा निकाल लागलाय.

दोन्हीकडची पानं बर्फात घालून सर एस.टी.नं नांदेडच्या प्रयोगशाळेत नेत होते. डबा कुल्फीचा होता, म्हणून कंधारच्या फाट्यावर पोरं खिडकीशी हात करायची आणि सर प्रत्येकाला उतरून समजावून सांगायचे, की ही कुल्फी नाही. बिल्ले नालीत गेल्यामुळं काही बिघडलं नाही. कोणतं झाड त्या आईबापाचं ते चिठ्ठीच सांगते. सगळी सख्खी भावंडं निघाली, एक सोडून. ते एक रेहानाबींच्या दारचं. त्या म्हणाल्या, "वो तो मैं सच्ची में नर्सरी से ली थी."

आणि अक्षर सापडलं. सगळ्या कोऱ्या पानांत एकाच जागी फाटलेलं, वासाच्या पानांत शाबूत. सरांचा लेख परदेशात छापून आला. त्यात शेवटी आम्हा सगळ्या बायांची नावं आहेत, गोदाक्काचं माझ्या आधी. नातीनं वाचून दाखवलं: 'रोपांचे जतन केल्याबद्दल आभार.' जतन! चोरी हा शब्द सरांनी आजवर आमच्यापुढं काढलेला नाही. कॉलेजाबद्दलही वाईट बोलले नाहीत. ती उणीव मी भरून काढली, प्राचार्यांना विचारा.

सर, आता तुम्हाला साठ झाली आणि कॉलेजानं शाल दिली. मला ऐंशीला दोन कमी आहेत. तुम्हीच म्हणता, एका वासाचं कोडं सुटलं, पण कडक तेलात पान टाकल्यावर जो दुसरा वास उठतो, त्याचा कारागीर अजून सापडलेला नाही. झाडं आमच्या परसांत उभी आहेत, ती कुठं जात नाहीत. माझं नाक मात्र किती दिवस आहे ते मला माहीत नाही, आणि मी गेल्यावर गोदाक्काच्या नाकावर तुमचं विज्ञान चालायचं नाही. तेव्हा निवृत्त झालो म्हणून खुर्चीत बसू नका. गुडघ्यांना तेल लावा, गोड कमी खा, सायकल हळू चालवा. देवानं तुम्हाला भरपूर आणि ठणठणीत आयुष्य द्यावं, माझ्या वाटणीचं उरलं तर तेही तुम्ही लावून घ्यावं.

सकाळी सहाला माझी चूल पेटलेली असते. येताना वही आणा. चहा पिऊन मात्र येऊ नका, चहानंतर वास नीट कळत नाही. आधी पान, मग चहा. चहा मी देते.

— सोजरबाई