योहानअण्णांचं गळकं कुंड

योहानअण्णांशी माझी ओळख झाली, तेव्हा मी त्यांच्या फडक्याचं पाणी पीत होतो.

पुण्याहून बेंगळुरूला येऊन मला जेमतेम महिना झाला होता. ऑफिसच्या वाटेवर इंग्रजांच्या काळातलं एक दगडी चर्च लागायचं. एका शनिवारी सहज आत शिरलो. दाराशीच कमरेएवढ्या खांबावर कोरीव दगडी कुंड, आणि त्यात पाणी. देवाच्या दारातलं पाणी म्हणजे तीर्थ, एवढं माझं धर्मज्ञान पक्कं. तळहाताचा द्रोण केला, तीन घोट घेतले, ओला हात डोक्यावरून फिरवला. एवढ्यात मागच्या बाकावरून चक्क मराठीत आवाज आला, ‘‘काय करालायसा ओ? बाप्तिस्म्याचं कुंड हाय ते! आत्ता मी त्यात फडकं पिळलंय!’’

हे योहानअण्णा. सत्तरीचे, बुटके, कमरेला किल्ल्यांचा जुडगा. मूळचे बेळगावकडचे. तरुणपणी इथे आले आणि या चर्चचे राखणदार झाले. घंटा, झाडलोट, दिवाबत्ती सगळं त्यांच्याकडे. मी पुण्याचा म्हटल्यावर म्हणाले, ‘‘सरी सरी, बरोबर हाय. तरीच विचारल्याबिगर प्यालासा.’’ त्या दिवसापासून दर शनिवारी मी त्यांच्याकडे चहाला जाऊ लागलो. चहा मात्र आधी वास घेऊनच प्यायचो.

कुंडाला एक भेग होती आणि ते गळायचं. बाप्तिस्म्याच्या वेळी वर पाळकसाहेब बाळाच्या डोक्यावर पाणी घालत आणि खाली अण्णा एक गुडघा टेकून, फडकं धरून बसलेले असत. ‘‘वरचं पाणी देवाचं, खालचं माझं,’’ म्हणायचे. येणाऱ्या पाहुण्यांना मात्र ते छाती काढून सांगत, की पहिल्या पाद्रीसाहेबांनी हे कुंड इंग्लंडातल्या आपल्या खेड्याच्या चर्चमधून बोटीत घालून आणलं. वय पाहुणा बघून ठरे. शाळेची सहल असली तर पाचशे वर्षं, गोरा पाहुणा असला तर नऊशे.

मग चर्चच्या कमिटीवर नवे सेक्रेटरी आले. त्यांना नळ असलेलं पांढरं संगमरवरी कुंड हवं होतं. जुनं बागेत ठेवून त्यात शेवंती लावायची. अण्णांची झोप उडाली. त्यांच्या मुलीचा बाप्तिस्मा याच कुंडात झाला होता आणि दोन महिन्यांनी तिच्या मुलीचा व्हायचा होता. ‘‘माझ्या नातीला शेवंतीच्या कुंडीत घालू काय?’’

मी छाती पुढे काढली. ‘‘अण्णा, सोपं आहे. त्या खेड्यातल्या चर्चला ईमेल टाकतो. कुंड आमच्याकडूनच गेलं, असं त्यांनी लिहून दिलं की सेक्रेटरी गप्प.’’

अण्णा एकदम ओशाळले. ‘‘कशाला विचारालायसा? स्वल्प थांबा की. त्यांनी न्हाई म्हटलं तर?’’

मी थांबलो नाही. तीन ईमेल पाठवून झाले तरी उत्तर येईना. ते आलं नेमकं चर्चमध्ये कमिटीची बैठक चालू असताना. अण्णांनी मला ‘कंप्यूटरवाले’ म्हणून कोपऱ्यात बसवून घेतलं होतं. आधी स्वतः वाचावं एवढी अक्कल मला कुठली? उठलो आणि खणखणीत आवाजात वाचू लागलो. पत्र तिथल्या चर्चच्या किल्ल्या सांभाळणाऱ्या एका आजीबाईंचं होतं. ‘आपलं पत्र वाचून आनंद झाला. मात्र आमचं कुंड इथेच आहे. आपल्या पाद्रींनी इथून फक्त त्याचं चित्र आणि मापं मागवली होती.’

सेक्रेटरींनी उठून कुंडावर बोटाने टकटक केलं. ‘‘वाटलंच. इथल्याच देवनहळ्ळीकडचा दगड आहे हा.’’

अण्णांची मान खाली गेली. नऊशे वर्षं मी एका वाक्यात खलास केली होती. कुंड जरा मोठं असतं तर त्यात बुडी मारली असती.

‘‘थांबलासा का?’’ अण्णा खाली बघतच म्हणाले. ‘‘आता सगळं वाचा.’’

वाचलं. आजीबाईंनी आपल्या चर्चचा इतिहासच लिहिला होता. फार पूर्वी गावात साध्या राहणीचं वारं आलं आणि कोरीव कुंड लोकांना डोळ्यांत खुपू लागलं. त्यांनी ते उचलून बाहेर टाकलं. मग कित्येक वर्षं एका शेतावर त्यातून डुकरं पाणी प्यायली. पुढे एका पाद्रीने ते ओळखलं, घासूनपुसून परत आणलं, भेगेत शिसं ओतलं. ‘अजूनही गळतं. बाप्तिस्म्याच्या वेळी मी खाली भांडं धरून बसते.’

अण्णांनी मान वर केली. उठले आणि कन्नडमध्ये कडाडले. मला त्यातलं अर्धंच कळलं, उरलेलं त्यांनी नंतर चहावर सांगितलं. ‘‘डुकरांपुढनं उचलून त्यांनी आपलं कुंड परत आणलं. आमच्या कुंडातनं डुक्कर सोडा, एक पुण्याचा माणूस तेवढा प्यालाय. आणि आम्ही टाकायचं?’’

पहिल्यांदा पाळकसाहेबच हसले. मग सगळी कमिटी माझ्याकडे बघून हसली. सेक्रेटरींना शेवंतीसाठी दुसरी कुंडी शोधावी लागली.

नातीच्या बाप्तिस्म्याला अण्णा कोट घालून आले आणि माझ्या हातात फडकं दिलं. ‘‘आज मी आजोबा. खाली तुमी बसा.’’ बसलो. फडकं भेगेला लावायचं सोडून मी बाळाकडे बघत राहिलो, आणि धार थेट माझ्या टाळक्यावर. वरून अण्णा कुजबुजले, ‘‘तवा प्यालासा, आता न्हालासा बी.’’

अण्णा गेल्या वर्षी गेले. त्या आजीबाईंना कळवलं, तर त्यांनी एकच विचारलं, ‘आता फडकं कोण धरतं?’ मी धरतो. शनिवारी पाहुण्यांना कुंडही मीच दाखवतो, अण्णांनी शेवटी शेवटी काढलेल्या सुधारित आवृत्तीप्रमाणे: ‘‘मूळ आपलं हे. त्यांच्याकडं हाय ती नक्कल.’’

परवा कुंड धुऊन, फडकं पिळून मागच्या बाकावर टेकलो होतो. पाठीला लॅपटॉपची बॅग लावलेला एकजण आत आला. इकडे तिकडे बघितलं, चपला काढल्या, तळहाताचा द्रोण केला. मी ओरडायला तोंड उघडलं आणि मिटलं. तिसऱ्या घोटापर्यंत थांबलो. अण्णाही थांबले होते, हे मला त्या बाकावर बसल्यावर कळलं.